गुरुवारचं प्रूफ

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी चिरंजीवांचा फोन आला. कोर्टातल्या कागदांवर सह्या झाल्या म्हणाला. आवाज असा, जणू नळ दुरुस्त झाल्याचं सांगतोय. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात कशाला आले होते तेच आठवेना.

दुपारी बेल वाजली. दारात मुंगी, काखेत कागदाची गुंडाळी.

"आत येऊ ना?" तिनं विचारलं. इतकी वर्षं या घरात राहिली, दाराची किल्ली अजून तिच्याच जुडग्यात असेल, आणि आत येऊ ना.

"मला वाटलं, आता तू काही यायची नाहीस."

"असं कसं? आपला टाइप पुरा व्हायचाय ना, आई."

आई म्हणाली. मी चहा ठेवायला आत गेले आणि आधण उकळून उकळून अर्धं झालं.

वही नवी आहे, तर नीट पहिल्यापासून लिहिते. मुंगी ही माझी सून. आज सकाळपासून ती कोण लागते, त्याला शब्द नाही. नाव मीच ठेवलेलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षराच्या कडेनं एकेक बिंदू ढकलत जाते, साखरेचा कण ओढून नेणाऱ्या मुंगीसारखी. लग्न होऊन आली तेव्हा मी विचारलं होतं, अक्षरं काढायची म्हणजे नक्की काय करायचं? तिनं विचारलं, प्रूफं वाचायची म्हणजे? मी जन्मभर छापखान्यात प्रूफं वाचलेली. तेव्हापासून आमचं जमलं. चिरंजीव म्हणायचा, लग्न माझं झालं की तुमचं?

आमच्या इथल्या ग्रंथालयात एक जुनं पुस्तक आहे, आपल्या लिपीत छपाई नुकती सुरू झाली तेव्हाचं. विषय काय, तर घोड्यांची दुखणी आणि त्यांवरचे उपाय. कुणा कारागिरानं पोलादी कांबीच्या टोकावर एकेक अक्षर उलटं कोरलं, त्यावरून साचा केला, साच्यात शिसं ओतून खिळे पाडले. त्याचं नाव कुठे नाही. खिळे केव्हाच वितळले. उरली ती या पुस्तकातली छाप. ग्रंथपालांना हे पुस्तक त्याच अक्षरांत पुन्हा छापायचंय, म्हणून ती अक्षरं कॉम्प्युटरवर नव्यानं काढायची, तोच आमचा टाइप. काम दिसतं तितकं सोपं नाही. तेव्हा कागद ओला करून छापायचे, शाई पसरायची. त्यामुळे पानावरचं अक्षर धातूतल्या अक्षरापेक्षा लठ्ठ. शाई कुठे पसरली आणि कारागिराचा हात कुठे थांबला, एवढंच शोधायचं. मुंगी काढते, कागदावर छापून आणते, मी पेन्सिलीनं खुणा करते. खुणा संपल्या की खाली मी 'छापा' असं लिहायचं आणि सही करायची. हा नियम पहिल्या दिवशी तिनंच केला.

आज 'झ'चं पोट मला जरा सुटलेलं वाटलं. खूण केली. ती म्हणाली, "मग पुढच्या गुरुवारी दुरुस्त करून आणते."

२३ जानेवारी, गुरुवार

'झ' ठीक झाला, पण त्याच्या शेजारी 'ल' बारीक दिसायला लागला. हे असंच असतं. एकाला जेवू घातलं की दुसरा उपाशी दिसतो. एकूण बऱ्याच खुणा झाल्या.

मी मुद्दाम करते असं मात्र नाही. शाळेत आम्हाला अक्षर शिकवायला ज्या सिस्टर होत्या, त्या खांद्यावरून वाकून बघायच्या. काही बोलायच्या नाहीत, नुसतं बोट ठेवायच्या. बोटाखाली चूक असायचीच. त्यांच्या झग्याला साबणाचा आणि मेणबत्तीचा वास यायचा. चूक झाली म्हणून वाईट वाटायचं आणि त्या जवळ आल्या म्हणून बरंही वाटायचं. तशी नजर एकदा लागली की जात नाही.

मुंगीला सर्दी झालीय. नाक लाल. नमुन्याच्या कागदावर मजकूर त्या पुस्तकातलाच असतो. तो उलटून म्हणाली, "आई, घोड्यास सर्दी झाल्यास काय करावं बघा."

मी वाचलं, "कोरड्या जागी बांधावा आणि त्याच्याशी प्रेमाने बोलावे."

"बघा, घोड्याची मजा आहे," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. मग ती खोकत बसली आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवावा की नाही, ते ठरेना. पूर्वी असं ठरवावं लागत नसे.

२ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीव जेवायला आला. टेबलावरचे कागद बाजूला सारून ताट ठेवलं त्यानं. कागद सारताना सगळे सरळ एकावर एक ठेवले. लहानपणापासून तसाच आहे.

"अजून किती अक्षरं राहिलीत तुमची?"

"अक्षरं झालीत. बारीकसारीक राहिलंय."

"बारीकसारीक म्हणजे काय?"

"तुला नाही कळायचं."

"मला कळलं नाही म्हणूनच तर हे सगळं झालं," तो म्हणाला आणि हसला. मला हसता आलं नाही. दोघं चांगली. भांडणही कधी ऐकू आलं नाही मला. शेवटच्या वर्षात एकमेकांना 'थँक्यू' फार म्हणायची, तेवढंच जाणवलं होतं.

जाताना चपला घालता घालता म्हणाला, "तिला बाहेर मोठी नोकरी आलीय. फार लांब. बोलली असेलच तुला."

"हो," मी म्हटलं. बोललेली नाही.

"ते लोक थांबलेत तिच्यासाठी. आई, तिला सोड आता."

मी काय तिला बांधून ठेवलंय?

६ फेब्रुवारी, गुरुवार

वाट बघितली. तिनं नोकरीचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. 'भ'ची गाठ सैल वाटली. 'क'चा दांडा अंगठ्याएवढा जाड. रेघोट्यांनी कागद भरून गेला. माझ्याच लक्षात आलं आणि थोड्या खुणा रबरानं पुसल्या. मग वाटलं, खऱ्या चुका कशाला पुसायच्या? पुन्हा केल्या.

ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, तुम्ही आहात म्हणून. नाहीतर मी केव्हाच देऊन मोकळी झाले असते."

हे ऐकून किती बरं वाटलं मला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ग्रंथपालांना आपण होऊन फोन केला. म्हटलं, उशीर होतोय, मुंगीला बोल लावू नका, खुणा माझ्याच असतात.

मग म्हणाले, "उशीर? अच्छा. हो, हो. अजिबात घाई नाही बाई. तुमचं चालू द्या निवांत."

मग मुखपृष्ठाला तपकिरी बरा की हिरवा, असं विचारायला लागले. कागद म्हणे मऊ घेतलाय, हाताला छान लागतो. अजून टाइप हातात नाही आणि हे मुखपृष्ठाच्या कागदावर हात फिरवत बसलेत. गुडघ्याला बाशिंग बांधायची सवयच असते काही माणसांना. मी तपकिरी सांगितला.

भला माणूस, पण विसराळू होत चाललाय.

६ मार्च, गुरुवार

आज तिनं लॅपटॉप आणला होता, म्हणाली इथेच बसून करते. मागच्या खोलीत, तिच्या जुन्या टेबलाशी. खिडकीतून येणाऱ्या तिरक्या उन्हात तिच्या मानेवरचे बारीक केस दिसत होते. मी शेजारी स्टूल घेऊन बसले. ती बिंदू सरकवायची, मी म्हणायचे, अजून, अजून, थांब. बिंदूला दोन बाजूंना दोन दांड्या असतात, त्या ओढल्या की वळण फुगतं किंवा बसतं. तिच्या हातात ती दांडी किती हळू फिरते.

"सांगायचं होतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "नोकरी आलीय. लांब आहे."

"चिरंजीव बोलला."

"टाइप झाला की येईन, असं कळवलंय मी त्यांना."

मी विचारायला हवं होतं, ते किती दिवस थांबतील. मी म्हटलं, "'ळ' जरा खाली घे."

तिनं घेतला.

तिला जाऊ द्यायला हवं. हे मी लिहितेय, म्हणजे मला कळतंय. पण चुकांसकट टाइप कसा देऊ? उद्या लोक त्या अक्षरांत वाचतील, तिचं नाव होईल. तिच्या भल्यासाठीच करतेय. असं सकाळी वाटतं. संध्याकाळी तितकंसं वाटत नाही.

२७ मार्च, गुरुवार

आली नाही. बरं नाही असा निरोप. दिवसभर घरातल्या कपाटांचे कप्पे आवरले. आवरायला काही नव्हतं.

७ एप्रिल, सोमवार

आजच लिहायला हवं.

मूळ पानाचा मोठा फोटो कपाटामागे सापडला. काम सुरू केलं तेव्हा आम्ही तो भिंतीला लावला होता. मग रंगकामाच्या वेळी काढला तो काढलाच. सहज म्हणून खिडकीच्या काचेवर धरला आणि त्यावर आत्ताचा नमुना ठेवला. 'भ' 'भ'वर बसेना. 'झ' बसेना. 'ल' तर भलत्याचाच. फोटोतली अक्षरं थोडी पुढे झुकलेली, घाईत असल्यासारखी, खांदे उचललेले. माझ्या समोरची सगळी ताठ, गोल, विंचरलेली. मी ती कुठे बघितली आहेत ते कळायला वेळ लागला नाही. ते माझं अक्षर आहे. सिस्टरांनी गिरवून घेतलेलं, वळणदार, दोन रेघांच्या मधलं.

मी दर आठवड्याला नवं प्रूफ मागच्या प्रुफाशी ताडत गेले. मूळ प्रत काढलीच नाही. प्रूफ मूळ प्रतीशी ताडायचं, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. मीच कितीकांना सांगितलंय. प्रत्येक खूण केसाएवढी, आणि केसाकेसानं त्या कारागिराचा हात मी पुसून टाकला. त्याचं एवढंच उरलं होतं जगात.

मुंगीच्या कसं लक्षात आलं नाही? पडद्यावर अक्षराच्या खाली मूळ पानाचा फोटो कायम असतो, तिनंच दाखवला होता मला. थकली असेल पोर. डोक्यामागे कमी का व्याप आहेत?

गुरुवारी तिला सगळं सांगायचं. पुन्हा पहिल्यापासून काढावं लागेल. वर्ष जाईल, कदाचित जास्तच.

हे वाक्य लिहिलं आणि मला आनंद झाला. खरंच झाला. मग पेन खाली ठेवून बसून राहिले. माझ्यासारख्या बाईचं काय करायचं?

९ एप्रिल, बुधवार

ग्रंथालयात जाऊन आले. मुंगीला सांगायच्या आधी मूळ पुस्तक पुन्हा डोळ्यांनी बघावं म्हटलं. कळवलं नव्हतं. मला दारात बघून ग्रंथपाल खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले.

"फोन करून यायचं ना बाई."

त्यांच्या टेबलाशेजारी छापखान्यातून आलेले गठ्ठे होते. एक फोडलेला. तपकिरी मुखपृष्ठ, मऊ कागद. मी वरचं पुस्तक उचललं. घोड्यांची दुखणी. आत ती अक्षरं. पुढे झुकलेली, खांदे उचललेली, घाईतली. शाईचं सूज आलेलं अंग उतरवून आतला माणूस बाहेर काढावा, तशी. माझ्या गुरुवारच्या खुणांतली एकही नव्हती त्यांत.

"हे कधी दिलं तिनं?" मी विचारलं.

ते चष्मा पुसायला लागले. "अक्षरं ना? मागच्या वर्षी. तुमच्या घरून बाहेर पडल्या, त्याच्या आधी. आतली पानं तर वर्षअखेरीलाच छापून झाली, मुखपृष्ठ तेवढं राहिलं होतं. तुमचं बघून झालं होतं, असं म्हणाल्या. झालं होतं ना?"

झालं होतं. आठवलं मला. तेव्हा मी शेवटचा नमुना बघून म्हटलं होतं, आता याला हात लावू नकोस. सही करायची राहिली, कारण त्याच आठवड्यात चिरंजीवानं मला समोर बसवून सांगितलं, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय.

"मग दर गुरुवारी ती काय आणते?"

"ते मला नाही सांगता यायचं," ग्रंथपाल म्हणाले. "मला एवढंच सांगितलंय, आईंना पुस्तकाचं इतक्यात बोलू नका. मी आपला त्या दिवशी फोनवर मुखपृष्ठ बोलून बसलो." मग हळू म्हणाले, "प्रत घेऊन जा ना एक."

मी नको म्हटलं. पोस्टानं पाठवा म्हटलं. हातात धरून घरी आणायची ताकद नव्हती.

बसमध्ये सगळं एकेक करून कळत गेलं. मी तिला अडकवून ठेवतेय असं मला वाटत होतं. आठवडाभर नोकरी करून, बिऱ्हाडाची ओढाताण करून, ती माझ्या खोट्या खुणा खरोखर दुरुस्त करायची. एकेक बिंदू ढकलत. छापून गुंडाळी करून आणायची. अक्षरांचं वाटोळं होताना समोर बघायची आणि 'पुढच्या गुरुवारी आणते' म्हणायची. सून म्हणून यायला आता तिला जागा नव्हती, म्हणून प्रूफ घेऊन यायची.

पदर तोंडाला लावून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, खिडकी लावू का, धूळ येतेय?

१० एप्रिल, गुरुवार

आली. दुखण्यातून उठल्यासारखी दिसत होती. कागद उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर कप, भिंग, साखरेचा डबा, माझा चष्म्याचा डबा ठेवला. माझ्याच अक्षरातले घोडे.

मी पेन्सिल घेतली. वरपासून खालपर्यंत सावकाश बघितलं. एकही खूण केली नाही.

"काय झालं?" ती म्हणाली.

"काही नाही. छान झालंय."

"'झ' बघितलात?"

"बघितला."

"पोट अजून जरा..."

"नाही. ठीक आहे."

ती खुर्ची ओढून जवळ आली. कागदावर बोट ठेवलं. "हा 'ळ' बघा. वर गेलाय. तुम्हीच म्हणाला होतात."

"जिथे आहे तिथे बरा आहे."

"आई, 'भ'ची गाठ तरी नीट बघा. घाई करू नका. मी आणते ना पुढच्या गुरुवारी, मला काही त्रास नाही." तिचं बोट अक्षरावरून अक्षरावर चाललं होतं. ओळीच्या शेवटी आलं, पुढच्या ओळीवर गेलं. ती चुका शोधत होती. सापडत नव्हत्या असं नाही, नुसत्या चुकाच होत्या. पण तिला एकही दाखवता येईना.

"तुला कधी हजर व्हायचंय?" मी विचारलं.

"महिनाअखेर." मग म्हणाली, "ग्रंथालयात गेला होतात?"

"माझे गुडघे असे. मी कुठे जातेय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. खाली, उजव्या कोपऱ्यात मी 'छापा' लिहिलं. इतकी वर्षं ते लिहिलं, कधी हात अडला नाही. सही केली. तारीख घातली.

तिनं कागद गुंडाळला, पुन्हा उलगडला, पुन्हा गुंडाळला. रबर बँड सापडत नव्हता, तो तिच्याच मनगटावर होता. मग ती उठून माझ्या खुर्चीमागे आली आणि वाकून माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून उभी राहिली. चहा निवला.

जिन्यापर्यंत गेले. तिच्या जुडग्यातली किल्ली काढून ती माझ्या हातावर ठेवायला लागली. मी तिची मूठ मिटली.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी बेल वाजली. वेडी आशा, दुसरं काय. चिरंजीव होता. ऐन ऑफिसच्या वेळात.

"इकडून चाललो होतो," म्हणाला. इकडून कुठेच जाता येत नाही, आमची गल्ली आमच्या दाराशी संपते.

तो नेमका तिच्याच खुर्चीत बसला. त्याला ठाऊक नसावं. टेबलावर पुस्तक होतं, कालच पोस्टानं आलेलं. मी आतून चहा आणेपर्यंत तो चाळत होता.

"सगळं घोड्यांबद्दलच आहे का हे?"

"सगळं."

"मला वाटायचं, तुम्ही थट्टा करता माझी."

दोन-चार पानं त्यानं खरंच वाचली. घोडा पाणी पीत नसेल तर काय करावं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पुढे अडखळला नाही. मी मनात म्हटलं, वाचता येतंय, म्हणजे अक्षर चांगलं झालंय. मग शेवटच्या पानाशी त्याचा आवाज थांबला. तिथे बारीक अक्षरात कागद, छपाई वगैरे दिलंय, आणि अक्षरं कुणी काढली, कुणी तपासली ते. दोन नावं, एकाखाली एक. दोन्हींच्या पुढे आमचंच आडनाव.

त्यानं अंगठा त्या ओळीवरून एकदा फिरवला.

"आई, तिचं हे नाव," तो म्हणाला, "आता चूक आहे ना."

"छापलं तेव्हा बरोबर होतं," मी म्हटलं.

त्यानं पुस्तक मिटलं नाही. मीही मीट म्हटलं नाही.